ज्याचा त्याचा उंबरठा

आपले म्हणणे समोरच्याला पटले नाही, की आपण आवाज चढवतो. तरीही फरक पडला नाही, तर 'दगड आहे नुसता!' म्हणून मोकळे होतो. हा न्याय झाला का? या प्रश्नापाशी मला पदार्थविज्ञानातला प्रकाशविद्युत परिणाम आठवतो.

१८८७ साली हर्ट्झ यांच्या ध्यानात आले, की अतिनील किरण पडले म्हणजे धातूच्या टोकांमधली ठिणगी सहज उडते. पुढे उलगडले, की प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन सोडवतो. नवल असे, की शुद्ध जस्तावर तांबड्या दिव्याचा कितीही झोत टाका, इलेक्ट्रॉन सुटत नाही. अतिनील किरणांची मंद तिरीप मात्र ते काम तत्काळ करते. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी कारण सांगितले. प्रकाशाची ऊर्जा पुड्यापुड्यांनी येते. झोत वाढवला की पुड्या वाढतात. एकेका पुडीचे बळ वारंवारतेवर ठरते. प्रत्येक धातूची किमान वारंवारता ठरलेली असते, तीच उंबरठा वारंवारता. सीझियमचा उंबरठा ठेंगणा, त्याला निळा प्रकाश पुरतो, जस्ताचा उंच. वैशाखात जस्ती पत्र्याला हात लाववत नाही, पण तापणे वेगळे आणि सुटणे वेगळे.

आमच्या लोंढा जंक्शनवर हुबळी, बेळगाव आणि गोवा अशा तिन्ही वाटा मिळतात. मराठी, कन्नड, कोकणी एकाच बाकावर ऐकू येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्न धुमसतो आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सरकारी कागद मराठीत मिळावा, ही मागणी मला रास्त वाटते. पण घोषणांनी शेजारचे कानडी घर तापते, मन सुटत नाही. तिथल्या अज्जीला तिच्याच भाषेत सांगावे, 'माझ्या आईला स्वतःच्या शेताचा उतारा वाचता येत नाही.' हे हळू बोललेले वाक्य आत पोहोचते.

कुणी म्हणेल, दर वेळी आम्हीच का वारंवारता बदलायची? प्रश्न रोकडा आहे. उत्तर असे, की धातूची उपमा इथे संपते. जस्ताला आपला उंबरठा खाली आणता येत नाही. माणसाला येतो, म्हणूनच त्याला नीती लागू होते. मिलिकन यांना आइनस्टाइनचे म्हणणे मुळीच पटत नव्हते. वर्षानुवर्षे त्यांनी ते प्रयोगांनी तपासले आणि १९१६ मध्ये स्वतःच्याच मोजमापांनी समीकरण खरे ठरल्याचे जाहीर केले. ऐकणाऱ्याचेही कर्तव्य असते ते असे.

मग तेच कर्तव्य आपल्यावरही येते. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली कानडी मुले महाराष्ट्रात राहतात. आपल्या भाषेतल्या शाळेविषयी ती काही सांगू लागली, तर ते आपल्या कानी शिरते का? शिरत नसेल, तर दुसऱ्याला दगड म्हणण्याचा अधिकार आपण गमावला.

दिवाळीत आपण उंबरठ्यावर रांगोळी घालतो ती येणाऱ्यासाठी. तो उंबरठा येणाऱ्याला ओलांडता येईल एवढाच उंच असावा.