हस्तक्षेप

साहाय्य कोठें संपतें आणि हस्तक्षेप कोठें सुरू होतो, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न मला ग्रंथांनीं नव्हे, गोल्फच्या खेळानें समजावून दिला.

पन्नाशीनंतर मीं हा खेळ हातीं धरला. लांबचे टोले कसेबसे जमले. परंतु हिरवळीच्या कडेवरून चेंडू हलकेच उचलून खळग्याजवळ नेणारा 'चिप' नांवाचा छोटा फटका कांहीं केल्या साधेना. चेंडू वर जावा म्हणून ऐन क्षणीं माझें मनगट पळीनें उपसावें तसें वळे. मग काठीचें पातें कधीं चेंडूआधींच जमिनींत रुते, तर कधीं त्याची कडा चेंडूच्या मध्यावर बसून तो हिरवळीपलीकडे सरपटत जाई.

शिक्षक म्हणाले, "पात्याला मुळांतच तिरकस उतार दिलेला आहे, चेंडू उचलणें हें त्याचें काम. आपण भार पुढच्या पायावर ठेवा, हात चेंडूच्या किंचित् पुढें असूं द्या, आणि डाव्या मनगटाची पाठ शेवटपर्यंत सपाट राहूं द्या."

ऐकण्यास सोपें, करण्यास कठीण. कारण दोष मनगटाचा नसून अविश्वासाचा होता. १९३८ सालीं अमेरिकेंतील पी. जी. ए. स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत लहान चणीच्या पॉल रन्यननें, आपल्याहून फार लांब टोले मारणाऱ्या सॅम स्नीडला, ७ खळगे शिल्लक असतांनाच ८ खळग्यांच्या आघाडीनें हरविलें. रन्यनचें बळ जवळच्या फटक्यांत होतें, आणि तेथें त्याची शिकवण मनगट शांत ठेवण्याची.

मग काय, स्वस्थ बसावें? नव्हे. मनगट स्थिर असलें तरी खांदे फिरतात, हात पुढें जातो. तो मध्येंच थबकला तरीहि फटका फसतो. कर्तव्य टाकणें निराळें, आणि फळाचें काम आपल्याकडे ओढून घेणें निराळें.

मागें एका विद्यार्थ्याचा निबंध मीं प्रेमानें इतका सुधारला कीं त्यास पारितोषिक मिळालें. तें सांगावयास तो आला, तेव्हां खालीं पाहून म्हणाला, "सर, निबंध आपलाच आहे." त्यानंतर त्यानें मला कांहींच लिहून दाखविलें नाहीं. त्याच्या पात्यालाहि उतार होता; मीं तो पाहिला नाहीं.

परवां दुसऱ्या एका मुलाची वही टेबलावर आली. तांबडी पेन्सिल उचलली, आणि मनगट वळूं लागल्याचें जाणवलें. समासांत एवढेंच लिहिलें : 'हा मुद्दा अजून विचार करून पुन्हा मांडा.'