हेडलाइटचा कान

जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा लोंबकळणारा हेडलाइट उघडून पाहिला, तर अनेकदा काच शाबूत असते आणि बल्बही पेटतो. तुटलेला असतो तो फक्त कान. स्क्रूसाठी प्लॅस्टिकच्या खोक्यातूनच काढलेली ती बोटाच्या पेराएवढी पट्टी गेली, की दिवा मान टाकतो. मग कुणी बाइंडिंग तार गुंडाळतो, कुणी जुन्या ट्यूबची पट्टी आवळतो. दुकानात सुटा कान सहसा मिळत नाही. अख्खा हेडलाइट घ्यावा लागतो.

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागांत किंवा कडवंचीच्या द्राक्षमळ्यांत मोठा ट्रॅक्टर फिरवणे अवघड, म्हणून तिथे छोटे ट्रॅक्टर आले. ऊन उतरल्यावर फवारणी करायची असते आणि विजेची पाळी रात्रीची असली तर मोटार सुरू करायलाही अंधारात जावे लागते. त्यामुळे दिवा ही चैन नव्हे.

कान तुटण्यामागे चार कारणे एकत्र येतात: एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे हादरे, इंजिनाची धग, मराठवाड्याचे ऊन आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि स्क्रूच्या भोकापासून चीर सुरू होते. आपला पहिला विचार असतो जाड लोखंडी पत्ती लावून बोल्ट घट्ट करण्याचा. पण त्याने हादरा संपत नाही, तो फक्त पुढच्या कमजोर जागी सरकतो आणि काही दिवसांनी शेजारचा कान जातो.

खरी दुरुस्ती प्लॅस्टिकची जात ओळखण्यापासून सुरू होते. भागाच्या मागे कधी ती अक्षरांत कोरलेली असते. नसेल तर एक कपची पाण्यात टाकावी: साधे पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. बुडणारे एबीएस असेल, तर ॲसिटोनच्या थेंबाने ते विरघळू लागते. म्हणून त्याच्याच चुऱ्याची ॲसिटोनमध्ये लापशी करून चीर भरता येते. पॉलिप्रॉपिलीन मात्र साध्या गोंदाला दाद देत नाही. तिथे सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने बारीक तारेची जाळी आत बुडवून वरून त्याच जातीचे प्लॅस्टिक वितळवावे लागते. चीर जिथे थांबते तिथे आधी बारीक भोक पाडले, तर तिची धाव थांबायला मदत होते. शेवटी स्क्रूखाली रबरी वॉशर घालायचा आणि स्क्रू बेताने आवळायचा. दिव्याला थोडे हलू दिले तरच तो टिकतो.

हे कसब अवघड नाही, पण ते अजून गावोगावच्या वर्कशॉपात पोचलेले नाही. लोखंडाचे वेगळे आहे. मोडलेला पत्रा वेल्डर जोडतो; अगदीच कामातून गेला, तरी जालन्याच्या स्टील कारखान्यांत भंगार वितळून पुन्हा सळई होते. तुटक्या हेडलाइटला असा रुळलेला परतीचा रस्ता नाही.

जालना दुसऱ्या एका उद्योगासाठीही ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे संकरित बियाण्यांचे शहर झाले. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखून पुन्हा पेरण्याचा हक्क दिला. पण संकरित वाणाचे दाणे राखून पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. हक्क शाबूत आहे; बियाण्याची घडणच तो निरुपयोगी करते.

दुरुस्तीच्या हक्काचेही तेच होऊ शकते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रे होती. माहितीपुस्तिका आणि सुटे भाग मिळावेत, ही मागणी रास्तच आहे. पण कान दिव्याच्या खोक्यातच ओतलेला असेल, तर ‘सुटा भाग’ म्हणून अख्खा दिवाच हाती पडणार. साच्यात ज्याला वेगळी जागा दिली नाही, त्याला कायदा वेगळे कसे करणार?

एक फरक मात्र आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, पण त्या बदल्यात उत्पादन वाढते. शेतकरी तो सौदा समजून करतो. एकसंध साच्याने दिवा हलका आणि स्वस्त होतो हे खरे, पण त्या बचतीची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते आणि खरेदीच्या वेळी ती कुणी सांगत नाही. म्हणून ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती आणि डिझेलचा खर्च विचारून झाला, की शोरूममध्येच हेडलाइट उघडून दाखवायला सांगावे. कान सुटा निघतो का, हे तेव्हाच पाहिलेले बरे. पैसे अजून आपल्या खिशात असतात.