कॅशबॅक येतो कुणाच्या खिशातून?

ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाड्यांच्या दालनांपुढे जी झुंबड उडते, तिला कारण आहे. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू केलेल्या या मेळ्यात गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेश सरकारने वाहन करात 50 टक्के सूट दिली. त्या सुटीसाठी लोक गाडी घेणं पुढे ढकलतात, दुसऱ्या शहरांतून इथे येतात. ही सूट कोण देतं, याबद्दल कुणालाच शंका नसते. कर सरकारचा, तो सोडतंय सरकार, आणि तसा आदेशही निघालेला असतो.

क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या कॅशबॅकचं तसं नाही. महिनाअखेरीस बिलात दोनतीनशे रुपये वजा झालेले दिसतात आणि घरात बरं वाटतं. कार्ड ठेवावं की बंद करावं, हा विषय निघाला की बोलणं वार्षिक शुल्कापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तो हिशेब करायलाच हवा, पण त्याच्या पलीकडे एक धर्माचा प्रश्न आहे. हे पैसे आले कुठून, आणि ते आपण घ्यावेत का?

आधी हिशेब. वार्षिक शुल्क 999 रुपये असेल तर 18 टक्के जीएसटी धरून ते 1,179 रुपये होतं. एक टक्का कॅशबॅक असेल तर एवढं शुल्क भरून निघायला वर्षाला 1,17,900 रुपयांची खरेदी लागते, म्हणजे महिन्याला 9,800 रुपयांच्या वर. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बरीच कार्डं काहीच देत नाहीत, तेव्हा ते खर्च यातून वगळायचे. आणि बिलातले 10,000 रुपये एक महिना थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी 350 रुपये व्याज आणि त्यावर 63 रुपये जीएसटी, असे 413 रुपये जातात. तेवढा कॅशबॅक मिळवायला 41,300 रुपयांची खरेदी करावी लागेल. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

कार्ड हातात असलं की हातही सैल सुटतो. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीतल्या दोन अभ्यासकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांपुढे सामन्यांच्या तिकिटांचा लिलाव मांडला होता. काहींना रोख द्यायची होती, काहींना कार्डाने. बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. दीड टक्का परत मिळतो म्हणून दहा टक्के जास्त खर्च झाला, तर घराचं नुकसानच झालं.

हा सगळा हिशेब जमला, बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं आणि जास्तीची खरेदीही होत नाही, असं धरू. तरी मूळ प्रश्न उरतो.

कॅशबॅकमागे मुख्यतः दोन खिसे असतात. पहिला दुकानदाराचा. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातल्या किंवा सराफ्यातल्या दुकानात कार्ड घासलं की रकमेचा काही भाग, बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास, दुकानदाराच्या खात्यात येतच नाही. त्याचा एक वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुकानदार तो खर्च भावात मिसळतो आणि मग रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो सोसावा लागतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये अमेरिकेपुरता याचा अंदाज बांधला होता: रोख वापरणारं सरासरी कुटुंब वर्षाला 149 डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवतं, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरात 1,133 डॉलर पडतात.

दुसरा खिसा अडलेल्या माणसाचा. कार्डाच्या बिलावर दोन आकडे शेजारी छापलेले असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. 40,000 रुपयांच्या बिलात किमान रक्कम साधारण 2,000 असते. ओढगस्तीतल्या घराला तो दुसरा आकडा दिलासा वाटतो. 2,000 भरले की विलंबशुल्क टळतं, पण उरलेल्या 38,000 वर व्याज चालू राहतं. बिल वेळेवर चुकतं करणाऱ्याकडून बँकेला व्याज मिळत नाही. ते मिळतं या माणसाकडून, आणि त्याच्या जिवावर कॅशबॅकच्या योजना परवडतात.

भारतीय परंपरेने व्याजाला सरसकट पाप ठरवलं नाही, मर्यादा मात्र घातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा सव्वा ‘पण’ (तेव्हाचं नाणं) हा महिन्याचा धर्म्य, म्हणजे न्याय्य, दर आहे. व्यापाऱ्याला पाच, रानावनातून जाणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जोखीम वाढेल तसा दर वाढतो, आणि साधा संसारी माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही मानला होता: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नसे. आज घरखर्चासाठी वापरलेल्या कार्डाचं बिल थकलं, तर माणूस महिन्याला साडेतीन टक्के भरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांवरची आकारणी अनुचित ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. कायद्याने आज हा दर चालतो. धर्म्य या कसोटीवर तो टिकत नाही.

महिपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात या प्रश्नाचं एक उत्तर सापडतं. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. तुकोबांनी निम्मी खतं भाऊ कान्होबाच्या हवाली केली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या अडचणीतून आलेला पैसा नको, हा निर्णय त्यांनी स्वतःपुरता घेतला, पण तो पुरता निभावला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एका घराने कार्ड बंद केल्याने कुणाचं व्याज कमी होत नाही. वाचलेला कॅशबॅक बँकेकडेच राहतो. खरं आहे. म्हणून इथे ऋणाची कल्पना जास्त उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं आहेत. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथं, माणसांचं ऋण जोडतं आणि ते आसरा व अन्न देऊन फेडायला सांगतं. कॅशबॅक हे याच चौथ्या खात्यावरचं देणं आहे, आणि ते फेडता येतं. छोट्या दुकानात यूपीआयने किंवा रोख पैसे द्यावेत. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. नात्यातल्या कुणाचं कार्डाचं देणं तुंबलं असेल, तर ते बिनव्याजी फेडून द्यावं आणि हप्त्याहप्त्याने परत घ्यावं. जिथून पैसा आला, तिथे तो थेट पोचवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

‘असू दे, अडीनडीला कामी येईल,’ असं म्हणत पुष्कळ घरं कार्ड ठेवतात. ग्वाल्हेरकरांना याचं उत्तर घरच्याच इतिहासात मिळेल. किल्ल्यावरच्या तळघरांतल्या शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. तिच्यात भर घालायची आणि संकट आलं तरच हात लावायचा, असा दंडक होता. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा 4 लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या महाराजांनी एकट्याने घेतले. स्वतःचं साठवलेलं होतं म्हणून दुसऱ्याला देता आलं. कार्डावरची मर्यादा ही बँकेची रक्कम आहे. दुखण्याखुपण्यात ती उपसली तर 42 टक्के वार्षिक व्याज मागे लागतं.

तेव्हा शुल्क भरून निघत असेल, बिल एकदाही थकत नसेल आणि माणसांच्या ऋणाच्या फेडीची तयारी असेल, तर कार्ड ठेवायला हरकत नाही. नाहीतर साठलेले पॉइंट वापरून, कार्डावरचे आपोआप कटणारे हप्ते दुसरीकडे वळवून, बाकी शून्य करून ते बंद करावं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार देणं बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे आहेत.

पुढची मागणी बँकांकडे करायला हवी. कॅशबॅकचा आकडा बिलावर ठळक छापता येतो, तर त्या योजनेचा किती भार दुकानदारांच्या शुल्कावर आहे आणि किती थकबाकीदारांच्या व्याजावर, हेही छापता येईल.