बोली टाकणे हे विद्येचे मोल आहे काय?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा व पेठ ह्या तालुक्यांत कोकणा व वारली लोकांची वस्ती मोठी आहे. कोकणांची बोली ती कोकणी. गोव्याच्या कोकणीशी तिचा घोटाळा करू नये. ती मराठीची की भिल्लीची, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. आमचा प्रश्न निराळा आहे. ह्या घरचे मूल शाळेत येते आणि आईपासून शिकलेला शब्द उच्चारताच, "अशुद्ध बोलू नकोस," असे ऐकते. ह्यात त्याच्यावर अन्याय होतो की नाही?

कोणी म्हणतील, मराठीवाचून त्यास कचेरीत, दवाखान्यात कोण विचारणार? हे खरे आहे, व त्याचे आईबापही तेच म्हणतात. बोली जगावी म्हणून गरिबाच्या मुलाने अडाणी राहावे, असे सांगण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या आम्हांस नाही. मराठी शिकविण्यात दोष नाहीच. दोष आहे तो तुच्छतेत. एक भाषा शिकविण्यास दुसरीची लाज शिकवावी लागते, हे कोणी सिद्ध केले आहे?

कॅनडा देशात नास नदीच्या खोऱ्यात निसगा लोक राहतात. नाशकास शरणपूर वसविणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचेच मॅककुला नामक मिशनरी १८८३ साली त्यांच्यांत गेले, त्यांची भाषा शिकले, व तीत त्यांनी प्रार्थना छापविल्या. परंतु त्याच देशात सरकार व मिशने मिळून ज्या निवासी शाळा चालवीत, त्यांत मूळ रहिवाशांच्या मुलांस स्वभाषा बोलण्याची बंदी असे, व शिक्षाही होई. ह्याबद्दल २००८ साली तेथील पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. निसगांस २००० साली करारान्वये स्वतःचे सरकार मिळाले, आणि आता त्यांच्या शाळांत ती भाषा शिकवितात. पण आजीच्या मांडीवर जे फुकट मिळत होते, ते फळ्यावरून शिकविणे किती कष्टाचे आहे!

आमच्याकडे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे राज्यघटनेत १९५६ सालापासून लिहिले आहे. २००३ साली संथाळी व बोडो ह्यांस आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. ह्या डोंगरांतील बोलींस ती नाही. २०२४ साली मराठी अभिजात ठरली तेव्हा आम्हांस आनंद झाला, आणि तो योग्यच होता, कारण प्राकृत म्हणून हिणविली जाणे काय असते हे मराठीस ठाऊक आहे. मग तिनेच धाकटीस हिणवावे काय?

कणसरी ही कोकणांची धान्यमाता. तिची कथा कथेकरी थाळीच्या नादावर गातो, ती ह्याच बोलीत. ज्या मुलास ही बोली अशुद्ध म्हणून सांगितले, ते त्या रात्री त्याच्यापाशी जाऊन बसत नाही.