पुरेसे पाहणे

जळगावचे माझे एक वृद्ध स्नेही नुकतेच धुळ्यास मुलाकडे राहून हृदयाची अँजिओग्राफी करवून आले. मनगटातील धमनीवाटे बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांनी रक्तवाहिन्यांचे चित्र घेतात. १९५८ साली अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांना ही वाट योगायोगानेच सापडली.

या चित्रात वाहिनीची केवळ छाया उमटते. एका बाजूने रुंद भासणारी वाहिनी दुसऱ्या बाजूने अरुंद निघते. म्हणून कोन बदलून पुन्हा पाहावे लागते. परंतु प्रत्येक नव्या चित्रागणिक रोग्याच्या अंगावर किरणांचा आणि मूत्रपिंडांवर रंगद्रव्याचा भार वाढतो. नवशिक्याची विद्या अशी दुसऱ्याच्या देहाच्या खर्चाने वाढते. मग त्याने किती पाहावे? अपुरे पाहून निर्णय देणे हा जसा अपराध, तसाच केवळ चित्र सुरेख यावे म्हणून अधिक पाहणे हाही अपराधच नव्हे काय? निर्णयास पुरेल तेवढे पाहून हात आवरणे, हेच खरे कौशल्य होय. ते यंत्र शिकवीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गुरूनेच शिकवावे लागते.

माझ्या स्नेह्यांनी किती चित्रे घेतली हे विचारलेदेखील नाही. त्यांनी विश्वासाने हात पुढे केला होता. न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देणे शिकणाऱ्यास बंधनकारक आहे.