अनुक्रम कोणाचा? : ‘व्हाइट अल्बम’ आणि श्रोत्याची नैतिक जबाबदारी

अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त कथानकाच्या एकात्मतेची जी कसोटी सांगितली आहे ती साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. एखादा घटक हलवला किंवा गाळला तर समग्र विस्कळित व्हावे. ज्याच्या असण्यानसण्याने काहीच फरक पडत नाही तो त्या समग्राचा घटकच नव्हे. ही कसोटी आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. कृतीचे घटक प्रत्यक्ष हलवून, गाळून, पुन्हा रचून पाहण्याचा उद्योग समीक्षक सहसा करीत नाहीत. गेली पाच दशके तो उद्योग निष्ठेने करीत आला आहे तो रॉक संगीताचा चाहता. त्याच्या या उद्योगाकडे समीक्षेने विनोदबुद्धीने पाहावे असेच सर्वसाधारण मत असेल. मला मात्र त्यात कृतीवरील अधिकाराचा आणि कृतीविषयीच्या उत्तरदायित्वाचा एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो.

उदाहरण ‘बीटल्स’च्या १९६८ सालच्या जोडतबकडीचे घेऊ. तिचे अधिकृत नाव केवळ ‘द बीटल्स’ असे आहे. रिचर्ड हॅमिल्टनने केलेल्या कोऱ्या वेष्टनामुळे ती ‘व्हाइट अल्बम’ म्हणून रूढ झाली. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी ती प्रसिद्ध झाली. चार बाजू, तीस गाणी, सुमारे त्र्याण्णव मिनिटे. यांतील बरीच गाणी त्याच वर्षाच्या आरंभी ऋषिकेशच्या मुक्कामात रचली गेली होती. निर्माता जॉर्ज मार्टिनला यातून निवडक गाण्यांची एकच कसदार तबकडी व्हावी असे वाटत होते, आणि हे मत त्याने पुढे उघडपणे मांडले. मॅकार्टनीने ही चर्चाच निरर्थक ठरवली. श्रोत्यांतही तेव्हापासून दोन तट आहेत. एकाला हा अल्बम म्हणजे विस्कळितपणाचा कळस वाटतो, तर दुसऱ्याला त्या विस्कळितपणातच त्याचे सामर्थ्य दिसते.

पहिल्या तटातील चाहता स्वस्थ बसत नाही. मार्टिनची न झालेली तबकडी तो स्वतः तयार करतो. तीसांतून चौदा-पंधरा गाणी निवडतो, त्यांना नवा क्रम देतो, पहिली बाजू कशाने संपावी आणि दुसरी कशाने उघडावी याचा खल करतो. कोणी त्याच उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झालेले पण अल्बमबाहेर राहिलेले ‘हे जूड’ आत आणतो, कोणी हॅरिसनच्या वगळलेल्या ‘नॉट गिल्टी’ला न्याय मिळवून देतो. ‘रेव्होल्यूशन ९’ हा आठ मिनिटांहून अधिक लांबीचा, ध्वनिफितींचे तुकडे जोडून केलेला गोंगाट बहुधा सर्वांत आधी हद्दपार होतो.

हे मी बाहेरून लिहीत नाही. विद्यार्थिदशेत वसतिगृहात मी स्वतः हे केले आहे. उसनवार मिळालेला हा अल्बम उतरवून घ्यायला माझ्याजवळ साठ मिनिटांची एकच कोरी कॅसेट होती. म्हणजे तेहेतीस मिनिटे टाकणे भाग होते. मी अकरा गाणी गाळली आणि उरलेल्या एकोणीस गाण्यांना माझ्या मते अधिक सुसंगत असा क्रम लावला. ‘रेव्होल्यूशन ९’ अर्थातच गेले. ‘गुड नाइट’ हे गोडगोड अंगाईगीत गेले. ‘लाँग, लाँग, लाँग’ इतक्या दबक्या स्वरात होते की माझ्या टेपरेकॉर्डरवर त्याची बरीचशी खरखरच ऐकू येई, तेही गेले. कित्येक वर्षे माझ्यापुरता ‘व्हाइट अल्बम’ म्हणजे ही कॅसेट होती, आणि ती मूळ अल्बमपेक्षा सरस आहे अशी माझी खात्री होती.

बऱ्याच काळाने मूळ अल्बम सलग ऐकण्याची वेळ आली तेव्हा कॅसेटची यादी शेजारी ठेवून पाहिली. हॅरिसनची चार गाणी मूळ रचनेत प्रत्येक बाजूला एक अशी विभागलेली आहेत. त्यांतील तीन मी गाळली होती. रिंगो स्टारने मुख्य स्वरात गायलेली दोन्ही गाणी, त्यांत त्याची पहिली स्वतंत्र रचना ‘डोंट पास मी बाय’, माझ्या कॅसेटवर नव्हती. उरले होते ते लेनन आणि मॅकार्टनी, आणि तोंडी लावण्यापुरता हॅरिसन. त्या चौघांमध्ये जी उतरंड होती, जिच्यामुळे त्यांचे परस्परसंबंध त्या वर्षी विकोपाला गेले होते, तीच मी अभिरुचीच्या नावाखाली पुन्हा रचली होती. मला त्यावेळी या उतरंडीची माहितीही नव्हती.

या प्रश्नाला सहज सुचणारी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की कृतीचा क्रम हा कर्त्याचा अधिकार होय, श्रोत्याने त्यात ढवळाढवळ करू नये. दुसरे रोलाँ बार्थच्या लेखकमृत्यूच्या निबंधाचा आधार घेईल. तो निबंध १९६७ साली इंग्रजीत आणि १९६८ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे या अल्बमचा तो समकालीनच. कर्ता नाहीसा झाला, संहिता वाचकाच्या हाती आली, तेव्हा कोणताही क्रम दुसऱ्याइतकाच वैध, असे हे उत्तर सांगते. (बार्थने ते नेमके असेच म्हटले आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.)

पहिले उत्तर वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. हा क्रम १६ व १७ ऑक्टोबर १९६८ या दोन दिवसांत, सुमारे चोवीस तास चाललेल्या एकाच बैठकीत लेनन, मॅकार्टनी आणि मार्टिन यांनी ठरवला. हॅरिसन आणि स्टार त्यावेळी लंडनमध्ये नव्हते. तेव्हा ‘कर्त्याचा क्रम’ म्हणताना कोणता कर्ता आपल्याला अभिप्रेत आहे? चारांपैकी दोघे आणि ज्याला ही जोडतबकडी मुळात नकोच होती असा निर्माता. मूळ क्रम हासुद्धा एका अधिकाराचा वापरच होता. त्याला पावित्र्य बहाल करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या उत्तराची अडचण वेगळी आहे. सर्व क्रम समान असतील तर चाहत्याच्या खटाटोपालाच अर्थ उरत नाही. ‘ज्यूलिया’नंतर काय यावे यावर तो रात्र जागवतो, कारण क्रमाने अर्थ बदलतो यावर त्याची श्रद्धा आहे. किंबहुना त्या बाबतीत तो आपल्या कित्येक संरचनावाद्यांपेक्षा अधिक निष्ठावान संरचनावादी म्हटला पाहिजे.

मग मूळ क्रम प्रत्यक्षात काय करतो? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांतून लयबद्धतेचा विचार मांडला. त्या परिभाषेत बोलायचे तर हा अल्बम विरोधलयीवर उभा आहे. तिसऱ्या बाजूच्या शेवटी ‘हेल्टर स्केल्टर’ येते. त्या बँडने तोवर केलेले हे बहुधा सर्वांत कर्कश गाणे, ढोलवादकाच्या थकलेल्या आरोळीने संपणारे. त्याच्या पाठोपाठ कानावर येते ‘लाँग, लाँग, लाँग’, अल्बममधील सर्वांत मंद स्वराचे गाणे. ही कुजबुज ऐकू येण्यासाठी आधीच्या गोंगाटाने कान बधिर झालेले असावे लागतात. माझ्या कॅसेटवर ती खरखर वाटली यात यंत्राचा दोष होता. पण ते गाणे जेथे बसवले आहे तेथे ते कशासाठी आहे याचा मी विचारही केला नव्हता, हा दोष यंत्राचा नव्हता. दुसऱ्या बाजूचा शेवट ‘ज्यूलिया’ने होतो. लेननच्या आईचे हे नाव, ती १९५८ साली अपघातात गेली. या गाण्यानंतर तबकडी बदलण्याचा जो विराम येतो तो रचनेचाच भाग होता. १९८७ साली अल्बम सीडीवर आला तेव्हा जोडतबकडीतले असे तीन विराम एकावर आले, ही गोष्ट कोणाला फारशी जाणवल्याचे दिसत नाही.

मला सर्वांत विचार करायला लावते ती आणखी एक गोष्ट. ऑगस्ट १९६८ मध्ये स्टार कंटाळून बँड सोडून गेला होता आणि काही दिवसांनी परतला. त्याच्या अनुपस्थितीत ‘बॅक इन द यूएसएसआर’ आणि ‘डिअर प्रूडन्स’ ही गाणी मुद्रित झाली. ढोल इतरांनीच सांभाळले. अल्बमची पहिली दोन गाणी नेमकी हीच आहेत. आणि शेवटचे गाणे ‘गुड नाइट’, लेननने आपल्या मुलासाठी लिहिलेले, त्यात वाद्यवृंद व समूहस्वरांच्या साथीने गाणारा एकमेव बीटल रिंगो स्टार आहे. जो गैरहजर असताना अल्बम सुरू होतो, त्याच्या एकट्याच्या आवाजात तो संपतो.

हे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. तो योगायोगही असेल. पण कृतीतील अर्थ हेतूवर अवलंबून नसतो हे मान्य असेल तर योगायोगालाही अर्थ असतो हे मान्य करावे लागेल. त्या रात्री बसलेल्या तिघांना जे कदाचित दिसले नसेल ते क्रमाने धरून ठेवले आहे: न जुळणारी चार माणसे एकाच वेष्टनात कशी राहिली याची नोंद. एकाच तबकडीचा नेटका अल्बम ती नोंद पुसतो. तो अधिक सुंदर असेलही.

तर मग स्वतः कर्त्यानेच क्रम बदलला तर? ‘रेडिओहेड’च्या ‘हेल टू द थीफ’ (२००३) या चौदा गाण्यांच्या, काहीशा वादग्रस्त अल्बमविषयी गायक थॉम यॉर्कने २००८ साली दहा गाण्यांचा एक नवा क्रम जाहीर केला. अनेक चाहत्यांना तो निकाल वाटला. मला तो पाच जणांपैकी एकाचे, पाच वर्षांनी केलेले पुनर्वाचन वाटतो. त्याला वजन आहे, पण ते जाणकार श्रोत्याच्या मताचे वजन आहे. शिवाय मूळ चौदा गाणी होती तशीच उपलब्ध राहिली. ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘द फायनल कट’चे (१९८३) उदाहरण याहून अवघड आहे. रॉजर वॉटर्सचे वडील १९४४ साली आन्झिओ येथे मारले गेले. त्या मृत्यूविषयीचे ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’ हे गाणे १९८२ साली स्वतंत्रपणे आले होते. २००४ च्या पुनर्प्रकाशनात ते अल्बमच्या मध्यात, चौथ्या स्थानी घातले गेले. आशयाच्या दृष्टीने ते तेथे चपखल बसते, यात वाद नाही. परंतु ही आवृत्ती हाती घेणाऱ्या नव्या श्रोत्यापुढे १९८३ चा अल्बम येत नाही, त्याच्या जागी दुसराच येतो, आणि जोड कोठे आहे हे कानाला कळत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध केल्या आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. एकनाथ स्वतः काही थोडे कवी नव्हते. त्यांनी भागवतावर विपुल लिहिले, ते आपल्या नावाने, वेगळ्या ग्रंथात. शोधन आणि रचना यांतील सीमारेषा त्यांनी अशी आपल्या आचरणानेच आखली. ‘माझ्या मते ही ओवी येथे शोभली असती’ असे म्हणणारा वाचक असतो. ती ओवी पोथीत लिहून ठेवणारा मात्र पुढच्या वाचकाच्या हातातून एक गोष्ट काढून घेतो आणि ती काढून घेतली आहे हे त्याला कळूही देत नाही.

चाहत्याची यादी बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते, आणि म्हणून ती समीक्षा आहे. किंबहुना ‘हा अल्बम विस्कळित आहे’ या तोंडी अभिप्रायापेक्षा ती प्रामाणिक समीक्षा आहे, कारण कोणते घटक निरर्थक ठरवले हे ती नावानिशी सांगते आणि म्हणूनच तिला जाब विचारता येतो. गाणी यंत्राच्या मर्जीने कोणत्याही क्रमाने वाजू देणाऱ्या आजच्या श्रोत्याला तो जाब विचारण्याची सोय नाही. माझी तक्रार चाहत्याच्या एका सवयीपुरती आहे. आपला क्रम ‘खरे तर असाच असायला हवा होता’ असे तो म्हणतो, तेव्हा आपल्या पसंतीचे ओझे तो कृतीवर टाकतो, आणि गाळलेल्याला उत्तर देण्याची जबाबदारी झटकतो. ‘डोंट पास मी बाय’ हे सामान्य गाणे आहे असे मला आजही वाटते. पण ते गाळताना मी एक गाणे गाळत होतो की एका माणसाला, हे मला त्यावेळी सांगता आले नसते.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्या वेष्टनावर मी बारीक अक्षरात एकोणीस गाण्यांची नावे लिहिली होती. गाळलेल्या अकरांची नावे कोठेच नाहीत. ती आता आतल्या बाजूला लिहून ठेवली आहेत.