डब्यावर डबा

मोठ्या रुळांवरचा अख्खा मालडबा लहान रुळांवरच्या गाडीच्या पाठीवर चढवायचा आणि तसाच पुढे न्यायचा. कुंभमेळ्यातल्या गर्दीत बाप पोराला खांद्यावर घेतो तसा हा प्रकार, फक्त इथे पोर बापापेक्षा थोराड. अशा गाडीला ट्रान्सपोर्टर वॅगन म्हणतात. अंगणात छोटी रेल्वे मांडणाऱ्यांना तिचं विशेष वेड असतं. आपल्याकडे अशी माणसं विरळाच. इंजिन विकत मिळतं, डबे मिळतात, रूळही मिळतात. ट्रान्सपोर्टर मात्र बहुतेक वेळा कानस, करवत, गुण्या घेऊन स्वतःच घडवावा लागतो. नाशिकमध्ये बसून तो घडवायचा म्हटलं तर एका इंग्रज माणसापासून सुरुवात करावी लागते. तो माणूस इथलाच म्हणायला हरकत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्या कंपनीचा लोहमार्ग नाशिकच्या बाजूने गेला, गावात शिरला नाही. स्टेशन आणि गाव यांत आठ-दहा किलोमीटरचं अंतर राहिलं. ते भरून काढायला १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत ती धावायची, आणि डबे ओढायला घोडे. रूळ दोन फूट सहा इंचांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप. पुढे याच मापाचे रूळ त्याने कुर्डुवाडी ते बार्शी टाकले, ती बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची. आणि याच मापाचे रूळ त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या एका दरीत टाकले, ती लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ ची. (या गृहस्थाने नंतर विमानातून उडी मारायची हवाई छत्री केली आणि अरबी घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. एका माणसात इतकी माणसं मावू शकत होती तो काळ.)

ट्रान्सपोर्टर आहे तो या तिसऱ्या रेल्वेवर. अरुंद रुळांचा जुना रोग म्हणजे रुंदी जिथे बदलते तिथे माल उतरवा आणि पुन्हा चढवा. वेळ जातो, पोती फाटतात, कोळशाचा चुरा होतो, दुधाला उशीर परवडत नाही. मॅनिफोल्डच्या दरीत दूध हा मोठा माल होता. कॅलथ्रॉपने तोडगा काढला तो असा की माल हलवायचाच नाही, डबाच उचलायचा. दोन बोगींच्या मध्ये खाली झुकलेली पोलादी चौकट. तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या डब्याची चाकं बसतील असे रूळ. डबा ढकलत आत घ्यायचा, चाकांना अडसर लावायचे, साखळदंडाने जखडायचा. वाटेतल्या स्टेशनांवर मोठ्या मापाच्या रुळांचे आखूड तुकडे टाकून ठेवले होते. गाडी तिथे आली की पाठीवरचा डबा घरंगळत त्या तुकड्यावर उतरायचा आणि रिकामा होईपर्यंत तिथेच थांबायचा. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात अशा युक्त्या आधीपासून होत्या.

मग हाच माणूस, हेच माप, सातच वर्षांपूर्वी. बार्शीला हे का केलं नाही?

हा प्रश्न पुस्तक वाचून पडतो, पण त्याचं उत्तर मला पितळी पट्ट्या कापताना जास्त नीट दिसलं. अस्तित्वात नसलेला, बार्शी लाइटचा ट्रान्सपोर्टर करायला घेतला की हिशेब आपोआप समोर येतात. बागेतल्या रेल्वेचे रूळ ४५ मिलिमीटरचे. ७६२ ला ४५ ने भागलं की साधारण १७ येतात. म्हणजे खऱ्याच्या सतराव्या हिश्श्याचं मॉडेल. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर, त्याचे झाले ९९. खरा डबा सव्वातीन मीटरपर्यंत रुंद, त्याचे झाले एकशे नव्वदच्या आसपास. पंचेचाळीसच्या पायावर एकशे नव्वदचं अंग. इंग्लंडातलं मोठं माप १४३५. ते ७६२ च्या पावणेदोनपट, थोडं वरच. आपलं सव्वादोनपट. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. चौकट जुळवून त्यावर डबा ठेवला आणि वळणावर बोट लावलं की तो किरकोळ राहत नाही.

गंमत अशी की उंचीची अडचण उलट कमी होते. ब्रॉडगेजची दोन चाकं एकमेकांपासून इतकी लांब की मधल्या जागेत अरुंद मापाची बोगी सहज बसते आणि डबा बराच खाली आणता येतो. खरी अडचण वजनाची. कॅलथ्रॉपचा बार्शीचा सगळा डोलारा एका नियमावर उभा होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळेच यार्डाला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवर त्याची गाडी धावू शकली आणि खर्च आवाक्यात राहिला. चार आसांच्या ट्रान्सपोर्टरला या नियमाने एकूण वीस टन मिळतात, त्यात त्याचं स्वतःचं वजन आलं. इंग्रजांच्या त्या काळच्या डब्यात आठ-दहा टन कोळसा. तो कसाबसा बसतो. आपला ब्रॉडगेजचा भरलेला डबा एकटाच वीस टनांपर्यंत पोचतो. तो वाहायचा तर आस वाढवा, नाहीतर रूळ जड करा. रूळ जड केले की स्वस्त रेल्वेची गोष्टच संपली.

मॉडेलमध्ये वजन घनाने घटतं, सतराचा घन सुमारे ४,९००, म्हणून वीस टनांचे उरतात चार किलो. ते हातात घेतलं की कळतं, चौकट का वाकते. आम्ही हौशी लोक मग शिशाचा पत्रा चौकटीच्या तळाशी दडवतो, तोल खाली यावा म्हणून. खऱ्या अभियंत्याला ही चैन नसते. वाढवलेला प्रत्येक किलो त्याला आयुष्यभर ओढावा लागतो. नाशिकची काळी माती आणखी एक धडा देते. पावसात ती फुगते, वैशाखात भेगाळते, आणि पाणसळ लावून बसवलेला रूळ एका बाजूने दोन मिलिमीटर खचतो. सतराच्या हिशेबाने ते झाले ३४ मिलिमीटर. एकावर एक चढवलेला डबा तिथे आडवा होतो. खाली मुरूम आणि वर बारीक खडी नीट चोपून घातल्याशिवाय इलाज नाही. मोठ्या रेल्वेलाही नाही.

पण एवढं सगळं सुटलं असतं असं मला वाटतं. सहा आसांचा ट्रान्सपोर्टर करता आला असता. अडचणीला हार जाणारा माणूस तो नव्हता. सुटत नव्हता तो दुसराच हिशेब, आणि तो पितळेत करता येत नाही. ट्रान्सपोर्टर हे यंत्र कुणाची जागा घेतं? हमालाची. इंग्लंडात माणसाच्या मजुरीशी तुलना केली तर पोलादी चौकट परवडली. कुर्डुवाडीत बार्शीचा कापूस आणि ज्वारीची पोती या डब्यातून त्या डब्यात टाकणारी पाठ इतकी स्वस्त होती की तिच्याऐवजी पोलाद घ्यायचा विचार कुठल्याही हिशेबनिसाने खोडून काढला असता. हा माझा तर्क आहे, कंपनीच्या दप्तरातला शेरा नव्हे. आपल्याच जिल्ह्यातलं मनमाड बघा. निजामाच्या बाजूची मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिथे ब्रॉडगेजला भेटली आणि १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत एका मापाचा माल दुसऱ्या मापात जायला माणसाचं बळच लागलं. हमालांच्या कामाला कायद्याचं छत्र देणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात आला तो १९६९ साली. बार्शी लाइट तेव्हा बहात्तर वर्षांची होती.

म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘हे इथे का आलं नाही’ या प्रश्नाला ‘आपण मागे होतो’ असं जे ठरीव उत्तर मिळतं, ते मला आळशीपणाचं वाटतं. बार्शी लाइट मागे नव्हती. तिचे डबे आणि इंजिनं त्या काळच्या जगात अरुंद रुळांवरचा नमुना म्हणून पाहिली गेली. तरीही तिच्या मालकांनी ट्रान्सपोर्टर आणायचा की नाही, हे माणसाच्या मजुरीने ठरवलं.

ट्रान्सपोर्टरची कल्पना मेली मात्र नाही. कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेले, रो-रो नावाने. कोलाडला चढलेला ट्रक गोव्यात वेर्ण्याला उतरतो. घाटातलं डिझेल, टायर आणि चालकाचे तास वाचतात, म्हणून तिथे हिशेब जमतो. दोष जुनाच राहिला, की मालाबरोबर चाकं, आस, इंजिन यांचं मेलेलं वजनही वाहायचं. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने पेट्या जहाजावर चढवल्या तेव्हा त्याने चाकं खालीच सोडली, फक्त पेटी पुढे गेली. कंटेनर जिंकला तो यामुळे.

नाशिकची ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, लीक अँड मॅनिफोल्ड १९३४ मध्ये. दोघींच्या वाट्याला तोट्याचाच हिशेब आला. बार्शी लाइट सरकारने १९५४ मध्ये घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद होत गेले. कुर्डुवाडीला आता माप बदलत नाही, त्यामुळे तिथे ट्रान्सपोर्टर लागणारही नाही. बागेत मात्र अरुंद रूळ अजून टाकले जातात आणि बार्शीचं मॉडेल करावं असं कुणाकुणाच्या मनात येतं. रिव्हेट मोजा, रंग जुळवा, कथलाची झाळ स्वच्छ लावा. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आहे, झाळकाम शिकवणारा माणूस इथे अजून भेटतो, आणि चाकं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कातून मिळतात. एवढंच करा, की कुर्डुवाडीच्या फलाटावर दोन डब्यांच्या मध्ये पाठीवर पोतं घेतलेली माणसं उभी करा. ट्रान्सपोर्टर त्यांच्याशेजारी खुशाल ठेवा. पण त्यांच्याशिवाय ते बार्शी लाइटचं मॉडेल होणार नाही.